न्यू कॅलेडोनियाचा तो छोटा हिरवा पोपट: आहे, गेला, की मुळात नव्हताच? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पोपटाचं वेड मला बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि कुठेही त्याचा विषय काढला की लोक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी तुकड्यातुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत कारण ती दोन ओळीत सांगून भागत नाही.

कुठला पोपट म्हणताय नक्की?

न्यू कॅलेडोनियन लोरिकीट. शास्त्रीय नाव विनी डायडेमा. जुन्या पुस्तकांत चार्मोसिना डायडेमा असं सापडेल, तो हाच, फक्त आता त्याला विनी या वंशात (जवळच्या जातींच्या गटात) टाकलंय. डायडेमा म्हणजे डोक्यावरचा मुकुट, आपल्याकडे शिरपेच म्हणतात तसं काहीतरी, आणि हे नाव त्याच्या निळ्या-जांभळ्या टाळूवरून पडलंय.

ही जागा आहे कुठे?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून साधारण १२०० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात. फ्रान्सने १८५३ मध्ये हा भाग ताब्यात घेतला आणि अजूनही तो फ्रान्सच्याच अखत्यारीत आहे. मूळ लोक कनाक. मुख्य बेटाला ग्रांद तेर म्हणतात, लांबी ४०० किलोमीटरच्या आसपास, रुंदी ५० ते ७०. म्हणजे महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या साधारण निम्मं लांब असं एकच बेट समजा, आणि त्याच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी डोंगररांग. सह्याद्री डोळ्यासमोर आणलात तरी चालेल, फक्त बाजू उलट्या करा, तिकडे पूर्वेची बाजू ओली आणि पश्चिमेची कोरडी. सगळ्यात उंच डोंगर मोंत पानिए, १६२८ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडासाच कमी. या डोंगरांच्या माथ्यावर कायम धुकं असतं आणि झाडं शेवाळाने मढलेली असतात. पोपट शिल्लक असेल तर तिथेच असेल असं बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं आहे.

दिसतो कसा?

आपल्या राघूपेक्षा बराच लहान, शेपटीसकट १८-१९ सेंटीमीटर. अंग हिरवं, टाळू निळसर जांभळी, गालाकडे पिवळटपणा, चोच नारिंगी, शेपटीच्या मुळाशी खाली लाल. बस, हे एवढंच आणि हेही फक्त मादीचं वर्णन आहे. नर कसा दिसतो ते विज्ञानाला माहीतच नाही! जवळच्या काही जातींत नराच्या अंगावर लाल रंग जास्त असतो, त्यावरून याच्या नरावरही तो जास्त असावा असा अंदाज करतात, पण तो अंदाजच.

खाणं मात्र आपल्या पोपटांसारखं नाही. राघू पेरू, मिरची, ज्वारीची कणसं फोडतो, हे लोरिकीट लोक फुलांवर जगतात. जिभेच्या टोकाला ब्रशसारखे केस असतात, त्याने मध आणि पराग चाटून घेतात. पॅसिफिकमधल्या लोरिकीटांना पांगारा फार आवडतो, आपल्या कोकणात फुलतो तोच पांगारा तिकडच्या बेटांवरही आहे. सिंधुदुर्गात किंवा गोव्यात तुम्ही तो आखूड शेपटीचा, उलटा लटकून झोपणारा इवलासा पोपट पांगाऱ्यावर बघितला असेल तर तुम्हाला थोडी कल्पना येईल. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, शेंड्यावर, सतत हालचाल, आणि तुम्ही दुर्बीण वर नेईपर्यंत गेलेला.

मुळात हा पक्षी खरंच होता का? मी तर ऐकलं की कुणीतरी चुकीचं लेबल लावलं असेल.

ही शंका रास्त आहे आणि मी ती उडवून लावणार नाही.

झालं असं की १८५९ च्या सुमाराला न्यू कॅलेडोनियात दोन माद्या मारून त्यांची कातडी पॅरिसला आली. १८६० मध्ये ज्यूल व्हेरो आणि दे म्यूर या दोघांनी त्यावरून नवी जात म्हणून वर्णन छापलं. त्या दोनपैकी एक नमुना पुढे हरवला. आज जगात या पोपटाचा एकच नमुना आहे, पॅरिसच्या नॅशनल नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. पक्षी नेमका कुठल्या दरीत, कुठल्या झाडावर, किती उंचीवर मिळाला हे कुठे लिहिलेलं नाही. आणि हे व्हेरो घराणं म्हणजे पॅरिसमधले पेंढा भरलेले प्राणी-पक्षी विकणारे मोठे व्यापारी. त्या काळच्या अशा व्यापाऱ्यांकडच्या मालावरची ठिकाणं सर्रास चुकलेली असायची, त्यांच्या नमुन्यांबाबत तर अभ्यासकांनी हे बऱ्याचदा दाखवून दिलंय. त्यामुळे 'कशावरून हा तिथलाच?' असं कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढू नका.

पण दुसरी बाजू बघा. चुकीचं लेबल असतं तर खरं घर दुसरीकडे कुठेतरी असायला हवं होतं ना? आजूबाजूची सगळी बेटं, सॉलोमन, व्हानुआतु, फिजी, न्यू गिनी, गेल्या दीडशे वर्षांत पक्षीवाल्यांनी पालथी घातली आहेत, आणि हा पोपट दुसरीकडे कुठेच मिळालेला नाही. शिवाय भूगोल पण जुळतो. शेजारच्या व्हानुआतुत याचा भाऊबंद पाम लोरिकीट आहे, फिजीत लाल गळ्याचा लोरिकीट, मग जवळच्याच न्यू कॅलेडोनियात एक असणं अगदी अपेक्षितच आहे. म्हणून 'नव्हताच' हे मला पटत नाही. होता. प्रश्न आहे तो आज आहे का एवढाच.

कॅरिबियनच्या त्या मकाव पोपटांसारखीच ही गोष्ट नाही का?

नाही, आणि हा फरक समजून घेणं महत्त्वाचं आहे कारण दोन्हींची गल्लत फार होते. ग्वादलूप, मार्टिनिक, डॉमिनिका, जमैका या बेटांवरचे मकाव म्हणून जी नावं नामशेष पक्ष्यांच्या यादीत दिसतात त्यातली बरीचशी जुन्या प्रवाशांच्या आणि पाद्र्यांच्या वर्णनांवर उभी आहेत, हातात कातडं नाही. जमैकाच्या एका मकावचा नमुना १७६५ च्या सुमाराला मारलेला होता म्हणतात, तोही हरवला. १९०७ मध्ये रॉथ्सचाइल्ड यांनी नामशेष पक्ष्यांवर मोठा ग्रंथ काढला त्यात अशा कित्येक मकावांना नावं देऊन टाकली आणि तेव्हापासून वाद चालू आहे. त्यातले काही माणसांनी दुसऱ्या बेटांवरून आणलेले पाळीव पक्षी असू शकतात. क्यूबाचा मकाव मात्र खरा, त्याची डझनापेक्षा जास्त कातडी जगभरच्या म्युझियममध्ये आहेत.

आपला लोरिकीट या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. पुरावा आहे, हातात धरता येतो, पण एकुलता एक.

शेवटचा कधी दिसला?

हातात पुरावा असलेली शेवटची तारीख म्हणाल तर तीच, १८५९-६०. त्यानंतर फक्त नजरेच्या साक्षी. १९१३ ची एक नोंद सांगतात. १९२० च्या दशकात बेटावरच्या लोकांनी सांगितलेल्या काही गोष्टी आहेत. मग १९५३-५४ च्या सुमाराला ला फोआ ते कनाला या डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यावर रानाची चांगली माहिती असलेल्या एका माणसाने एक पक्षी पाहिल्याचं सांगितलं. आणि १९७६ मध्ये मोंत पानिएच्या पश्चिमेला जंगलात दोन पक्षी पाहिल्याची नोंद आहे, बहुतेक ठिकाणी शेवटची म्हणून हीच देतात.

एवढ्याच. दीडशेहून जास्त वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या नोंदी, त्यातल्या एकाचाही फोटो नाही, आवाज नाही, पीस नाही.

मग १९७६ ची नोंद धरत का नाहीत? बघणारा खोटं कशाला बोलेल?

खोटं बोलायचा प्रश्नच नाही हो. प्रामाणिक माणसाची नजर पण चुकते, माझीही चुकलीये. एकदा मेळघाटात मी रानपिंगळा म्हणून जवळपास वीस मिनिटं साधा पिंगळा बघत बसलो होतो, बरोबरच्या गाइडने दाखवलं तेव्हा कळलं, आणि तो पिंगळा दिवसाउजेडी समोरच्या फांदीवर स्वस्थ बसलेला होता.

न्यू कॅलेडोनियात गोंधळ व्हायला भरपूर वाव आहे. तिथे अजून एक लोरिकीट आहे, इंद्रधनुषी लोरिकीटाचा तिथला प्रकार, निळं डोकं, लाल चोच, अंग हिरवं, आणि तो सगळीकडे दिसतो. आकाराने बराच मोठा आहे पण उंच झाडाच्या शेंड्यावरून सुसाट जाणाऱ्या पक्ष्याचा आकार खालून कळणं फार कठीण, शेजारी मोजायला काही नसतं ना. शिवाय डोक्यावर तुरा असलेला शिंगवाला पोपट आहे, लाल कपाळाचा न्यू कॅलेडोनियन पॅराकीट आहे, दोन्ही हिरवे. धुक्यात, उजेडाकडे तोंड करून, दोन सेकंद. मी तरी स्वतःच्या डोळ्यांवर पैज लावणार नाही.

तरी ती नोंद फेकून द्यायची असं मी म्हणत नाही. ती खुर्ची रिकामी ठेवायची, एवढंच. पुढे कधी त्याच डोंगरातून फोटो आला तर १९७६ ची साक्ष एकदम खरी ठरेल.

इतकी वर्षं नाही दिसला म्हणजे गेलाच ना सरळ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आणि इथेच माझं सगळ्यात जास्त डोकं तापतं, कारण 'दिसला नाही' आणि 'नाही' यात अंतर आहे आणि ते अंतर किती हे ठरतं तुम्ही किती आणि कसं शोधलंत यावर. घरातली किल्ली हॉलमध्ये शोधली आणि मिळाली नाही म्हणून ती घरातच नाही असं होत नाही, कारण आतल्या खोल्यांत तुम्ही गेलेलाच नाही.

१९९८ मध्ये बेटाच्या उत्तर भागात खास मोठा सर्व्हे झाला, त्यात हा पोपट मिळाला नाही. स्थानिक पक्षीप्रेमींची संस्था तिथे आहे, त्यांचे लोक डोंगरात फिरत असतात, त्यांनाही नाही. हे सगळं मी मान्य करतो आणि याचं वजन मोठं आहे. पण अडचणी बघा. धुक्याच्या जंगलात माथ्यावर पोचायलाच दिवस जातो, वर पाऊस, झाडांचे शेंडे ढगात. पक्षी लहान आणि हिरवा. आणि फुलांवर जगणारे हे पक्षी एका जागी राहत नाहीत, ज्या डोंगरावर फुलोरा आला तिकडे जातात, म्हणजे तुम्ही मार्चमध्ये एका डोंगरावर आठवडा काढलात आणि तो पलीकडच्या दरीत असला तर तुमचा आठवडा कोराच.

आजकाल आवाजाचे रेकॉर्डर लावतात की जंगलात. ते का नाही करत?

लावता येतील, पण ऐकायचं काय? या पोपटाचा आवाज कुणीच रेकॉर्ड केलेला नाही. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. हा पक्षी आपल्या हातात आला तो मेलेलाच, मुका.

ऑस्ट्रेलियातल्या नाइट पॅरटचं असंच होतं. कित्येक वर्षं फक्त अफवा, मग १९९० मध्ये क्वीन्सलंडमध्ये रस्त्याच्या कडेला एक मेलेला मिळाला, आणि २०१३ मध्ये जिवंत पक्ष्याचे फोटो-व्हिडिओ आले. त्याचा आवाज नक्की कळल्यावर मग रेकॉर्डर लावून नव्या जागा शोधता यायला लागल्या. म्हणजे आधी एक तरी पक्षी मिळायला हवा, मग आवाज, मग बाकीचे. आपल्या लोरिकीटच्या बाबतीत ती पहिली पायरीच नाहीये. शेजारच्या बेटांवरच्या जातींचे आवाज घेऊन 'साधारण असा बारीक, तीक्ष्ण आवाज' म्हणून यंत्राला शोधायला लावता येईल, पण नक्की ओळख पटवायला फोटो किंवा पीस लागेलच. माझ्या मते फुलावर आलेल्या झाडांच्या शेंड्याला कॅमेरे बांधणं हा जास्त कामाचा मार्ग आहे, कष्टाचा आहे, पण पक्षी तिथे येणारच.

गेला असेल तर कशामुळे?

ठाम कारण सांगता येत नाही कारण जिवंतपणी त्याचा अभ्यासच झाला नाही. पण संशय कुणावर घ्यायचा ते चांगलं माहितीये, आणि पहिला संशय उंदरावर.

न्यू कॅलेडोनियात माणूस यायच्या आधी जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता, फक्त वटवाघळं. तिथले पक्षी अशा जगात वाढले जिथे रात्री फांदीवरून चालत येऊन घरट्यातलं अंडं खाणारं कुणी नाही. साधारण ३००० वर्षांपूर्वी पहिले लोक होड्यांतून आले त्यांच्यासोबत पॅसिफिकचा छोटा उंदीर आला. मग युरोपियन जहाजांबरोबर काळा उंदीर आला, आणि तो झाडावर चढण्यात पटाईत. झाडाच्या ढोलीत अंडी घालणाऱ्या छोट्या पोपटांसाठी यापेक्षा वाईट काही नाही.

हे नुसतं अनुमान नाही, याच वंशातल्या दुसऱ्या पोपटांवरून दिसलेलं आहे. फ्रेंच पॉलिनेशियात रिमातारा नावाच्या बेटावर काळा उंदीर पोचला नाही, तिथे विनी कूहली हा लाल-हिरवा लोरिकीट टिकला. २००७ मध्ये तिथले २७ पक्षी उचलून कुक बेटांमधल्या आतिउवर नेऊन सोडले, कारण आतिउवरही काळा उंदीर नव्हता, आणि ते तिथे रुजले. उलट मार्केसास बेटांवरचा निळा-पांढरा लोरिकीट, उंदीर पोचला तिथून एकेका बेटावरून पुसला गेला. हे वाचल्यावर न्यू कॅलेडोनियात काय झालं असेल याचं चित्र आपोआप उभं राहतं.

बाकीची कारणं पण आहेतच. सखल भागातलं कोरडं जंगल जवळपास सगळं गेलं, मूळच्या दोनेक टक्केच उरलंय. गुरं, वणवे, बाहेरून आणलेली हरणं, रानटी झालेली डुकरं आणि मांजरं. आणि निकेल. एकोणिसाव्या शतकातच तिथे निकेल सापडलं आणि डोंगरच्या डोंगर लाल झाले, गोव्यात डिचोली-सत्तरीकडे खाणींनी उघडे पडलेले डोंगर ज्यांनी बघितलेत त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. हा पोपट हंगामाप्रमाणे डोंगर आणि सखल भाग अशी ये-जा करत असेल तर खालचं जंगल गेल्यावर वर्षातले काही महिने त्याला खायलाच उरलं नसेल. शिवाय डासांतून पसरणारा पक्ष्यांचा मलेरिया, त्याने हवाईत किती हाहाकार केला ते सगळ्यांना माहीत आहे, इथेही तो एक संशयित आहे.

फिजीच्या त्या लाल गळ्याच्या पोपटाचं काय झालं?

त्याचीही गोष्ट दुःखाचीच आहे. तोही याच विनी वंशातला, आकारही तेवढाच. खात्रीची शेवटची नोंद १९९३ ची, नंतर बरंच शोधलं, मिळाला नाही. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत, मी शाळेत असताना हा पक्षी हातातून निसटला असं म्हणायला हरकत नाही.

हरवलेले पक्षी सापडतात का कधी? की नुसती आशा?

सापडतात. इंडोनेशियात बुरू नावाचं बेट आहे, तिथे १९२० च्या दशकात एका छोट्या लोरिकीटाचे सात नमुने मिळाले होते, निळ्या कपाळाचा. मग वर्षानुवर्षं शांतता. २०१४ मध्ये डोंगरातल्या जंगलात त्याचे फोटो मिळाले! हा आपल्या पोपटाच्या नात्यातलाच, डोंगरातलाच, फुलांवरचाच. मला सगळ्यात जास्त धीर या बातमीने दिला होता. न्यूझीलंडच्या काकापोचंही तसंच, फिओर्डलँडमध्ये थोडेसे नर तेवढे उरलेत असं वाटत असताना १९७७ मध्ये स्ट्युअर्ट बेटावर वेगळा समूह मिळाला आणि त्यावरच आज ती जात उभी आहे.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर सगळ्यांत भारी आहे. रानपिंगळा. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात शहाद्याकडे गोळा केलेला नमुना ही त्याची शेवटची खरी नोंद. नंतर ११३ वर्षं काही नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघांना तो शहाद्याजवळच परत दिसला. मधल्या काळात लोकांनी शोधलं नव्हतं का? शोधलं होतं, सलीम अली यांनीही शोधलं होतं. पण माइनर्ट्‌झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला आपल्याला हा पक्षी मिळाल्याचं दाखवून ठेवलं होतं, आणि तो नमुना होता म्युझियममधून चोरून नवीन लेबल लावलेला, मूळचा डेव्हिडसन यांचा. त्या खोट्या लेबलमुळे लोक भलतीकडेच शोधत बसले. रासमुसेन यांनी आधी ही लबाडी उघड केली, मग खऱ्या नमुन्यांच्या पत्त्यावर गेल्या आणि काही दिवसांत पक्षी समोर. आता तो मेळघाटात आहे, २०१४ मध्ये तर मुंबईजवळ तानसाच्या जंगलात मिळाला.

मला यातून लोरिकीटबद्दल जे कळतं ते असं, की शोध कुठे घेतला यावर सगळं आहे, आणि आपल्या पोपटाच्या नमुन्यावर पत्ताच नाही. रानपिंगळ्याला खरा पत्ता होता म्हणून तो सापडला.

न्यू कॅलेडोनियात असे अजून कुणी हरवलेत का?

हो ना, हे बेट तर हरवलेल्या पक्ष्यांचं घर आहे. एक घुबडासारखा दिसणारा आउलेट-नाइटजार आहे, त्याचा नमुना १८८० मध्ये तोंगुए नावाच्या गावात मिळाला, पक्षी रात्री खोलीत शिरला होता. १९९८ मध्ये दोन ब्रिटिश पक्षीतज्ज्ञांना नी नदीच्या खोऱ्यात संध्याकाळी तो दिसल्यासारखा वाटला, त्यांनी ते छापलं, पण त्यावर शिक्कामोर्तब झालेलं नाही. एक रातवा आहे ज्याचा जगात एकच नमुना, १९३९ चा. न उडणारी एक पाणकोंबडी, तिचा शेवटचा नमुना १८९० चा. बेटाचा राष्ट्रीय पक्षी म्हणावा असा कागू मात्र टिकून आहे, राखाडी, तुरेवाला, उडता न येणारा, कुत्र्यांपासून वाचवल्यावर त्याची संख्या सावरली. म्हणजे काळजी घेतली की तिथेही पक्षी सावरतात.

सरळ नामशेष म्हणून जाहीर का करत नाहीत? निदान वाद तरी संपेल.

आययूसीएन, म्हणजे कुठली जात किती धोक्यात आहे याची यादी ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिची अट अशी की शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये, आणि योग्य जागी, योग्य मोसमात, पुरेसा शोध झालेला असला पाहिजे. इथे ती अट अजून पुरी झाली असं म्हणता येत नाही. म्हणून तो अतिसंकटग्रस्त या वर्गात ठेवलाय, आणि शिल्लक असलेच तर पन्नासच्या आत असतील असा अंदाज धरलाय.

घाईने नामशेष म्हणण्यात मोठा धोका आहे. फिलिपीन्समधल्या सेबू बेटावरचा फूलटोच्या गेलाच असं सगळ्यांनी धरलं होतं, कारण त्या बेटावर जंगलच उरलं नाही म्हणे. आणि १९९२ मध्ये उरलेल्या एका चिमुकल्या तुकड्यात तो जिवंत मिळाला. मधल्या वर्षांत त्या तुकड्याकडे कोण बघणार, पक्षीच नाही म्हटल्यावर? पक्षीतज्ज्ञ याला रोमिओ एरर म्हणतात, ज्युलिएट मेली समजून रोमिओने जीव दिला आणि ती जिवंत होती, तसं.

उलट बाजूचा धोकाही आहे आणि तो मी लपवणार नाही. गेलेल्या पक्ष्यामागे पैसा आणि माणसं लावली तर जे नक्की जिवंत आहेत आणि आज मदत लागतेय, उदाहरणार्थ उवेआ बेटावरचा तुरेवाला पोपट, त्यांच्या वाट्याचं कमी होतं. म्हणून मला नेहमी वाटतं की लोरिकीटच्या नावाने वेगळी धावाधाव करण्यापेक्षा मोंत पानिए, मोंत हुम्बोल्ट अशा डोंगरांवर उंदीर-डुकरांचा बंदोबस्त आणि बारा महिने पक्ष्यांची नोंद असं काम व्हावं, त्यात तो असला तर मिळेल, नसला तरी बाकीचं रान वाचेल.

पिंजऱ्यात कुणाकडे असेल का? युरोपात लोरिकीट पाळतात ना.

नाही. हा पक्षी कुणी पाळल्याची कुठेही नोंद नाही. कुणी या नावाने पक्षी विकत असेल तर तो दुसरा कुठला तरी लोरिकीट आहे हे नक्की समजा आणि घेऊ नका. आणि विषय निघालाच आहे तर, आपले राघू, तोईया, करण पोपट घरात पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे अजूनही खूप घरांत माहीत नसतं.

डीएनए काढून परत बनवता नाही का येणार?

म्युझियममधल्या कातड्याच्या पायाच्या तळव्यातून डीएनएचे तुकडे काढता येतात, नातं तपासायला ते उपयोगी पडतात. पण त्यातून पक्षी उभा करणं ही वेगळीच गोष्ट. डॉली मेंढीसारखं क्लोनिंग पक्ष्यांत तसंच्या तसं करता येत नाही, कारण अंड्याची रचनाच वेगळी, बलक, कवच, सगळं. आणि एकाच मादीवरून जात कशी उभी करणार?

तुम्हाला स्वतःला काय वाटतं? खरं सांगा.

खरं सांगायचं तर, बहुतेक गेला असावा असं वाटतं. काळा उंदीर, विनी वंशातल्या बाकीच्या पोपटांची अवस्था, आणि इतक्या वर्षांत एकही फोटो नाही, हे सगळं एकत्र धरलं की आशेला फार जागा उरत नाही. पण गेला हे सिद्ध झालंय असं कुणी म्हणालं तर मी भांडणार. आणि बुरूचे ते फोटो आले त्या दिवशी मी पहिला विचार याच पोपटाचा केला होता, हेही तितकंच खरं.

मी न्यू कॅलेडोनियाला जाणार आहे. मला काही करता येईल का?

येईल, आणि जरूर करा. आपली बरीच मराठी मंडळी ऑस्ट्रेलियात आहेत, सिडनी-ब्रिस्बेनवरून नुमेआला थेट विमान जातं, त्यामुळे हे अगदीच अशक्यातलं नाही. डोंगरात जायच्या आधी स्थानिक कनाक लोकांची परवानगी घ्या. तिथे 'ला कुत्युम' म्हणून पद्धत आहे, गावच्या जाणत्या माणसाकडे जाऊन छोटीशी भेट ठेवायची, आपण कोण, कशाला आलो ते सांगायचं, मग पुढे. आपल्याकडे देवराईत शिरण्याआधी गावात विचारतो तसंच समजा. मोंत पानिए त्यांच्यासाठी पवित्र आहे. बूट धुऊन जा, कारण मातीबरोबर रोग जातात, आणि वरची कौरीची झाडं आधीच मरताहेत.

फुलांनी लगडलेलं झाड दिसलं की तिथे थांबा, चालत राहू नका. दोन-तीन तास एकाच झाडाखाली बसायची तयारी ठेवा. छोटा हिरवा पोपट दिसला तर आधी फोटो, कितीही धूसर येऊ दे, मग मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि तो चालूच ठेवून बघत राहा. शेजारी मोठा लोरिकीट असेल तर दोघे एका फ्रेममध्ये घ्या, आकाराचा वाद तिथेच मिटेल. शेपटीखाली लाल आहे का, टाळू निळी आहे का आणि गालावर पिवळं आहे का, हे तीन मुद्दे तिथल्या तिथे वहीत लिहा, संध्याकाळी आठवून नको. झाड कुठलं, किती उंचीवर, किती वाजता, तेही लिहा, पत्ता नसलेला एक नमुना आपल्याकडे आधीच आहे. जागा मात्र सगळीकडे जाहीर करू नका, आधी तिथल्या पक्षीसंस्थेला कळवा, आणि पक्षी जवळ यावा म्हणून स्पीकरवर दुसऱ्या लोरिकीटांचे आवाज वाजवू नका.